दुसरी ढाल

गेल्या दिवाळीत आमचा नातू दोन मित्रांना घेऊन पुण्याहून मिरजगावला आला. तिघेही अभियांत्रिकीचे विद्यार्थी. फराळ झाला, शेतावर एक चक्कर झाली, आणि मग ओसरीवर सतरंजी टाकून जे बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. पत्ते कुटत असतील असे मला वाटले. जवळ जाऊन पाहिले तर पत्ते नव्हतेच. कागद, पेन्सिली आणि मूठभर रंगीत फासे. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, चक्क वीस बाजूंचे. पट म्हणावा तर चौकटींचा एक कागद आणि त्यावर मांडलेले शेंगदाणे. हे शेंगदाणे म्हणजे राक्षस होते, असे मला नंतर कळले.

खेळ असा की एकजण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो : तुम्ही गुहेत शिरलात, अंधार आहे, समोरून दोन पहारेकरी आले. बाकीचे आपापले पात्र घेऊन बसलेले असतात. कोणी तलवारबहाद्दर, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मी असे करतो, मी तसे करतो, असे ते सांगतात, आणि ते साधले की फसले याचा निकाल फासा देतो. पट सगळा डोक्यात. आमच्या लहानपणी चिंचेखाली आम्ही शिवाजी-अफझलखान खेळायचो, त्यात आणि यात फरक एवढाच की आमच्यात ‘तू मेलास’, ‘नाही, मी नाही मेलो’ या भांडणाला अंत नसे. इथे तो फासा मिटवतो.

मी पाहत उभा होतो तेव्हा नातवाच्या तलवारबहाद्दरावर वार आला. सूत्रधार म्हणाला, ‘‘तुझ्याकडे ढाल आहे ना? मग दोन वाढव.’’

मी विचारले, ‘‘दोन काय?’’

‘‘दोन आकडे, आबा. समोरच्याला माझ्यावर वार बसवायचा तर फाशावर ठरलेला आकडा पडावा लागतो. ढाल असली की तो आकडा दोनने वर जातो.’’

‘‘वीसातले दोन?’’

‘‘हो. म्हणजे शंभरातले दहा.’’

त्याच ओसरीच्या भिंतीवर, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर, आमच्या घरातली ढाल टांगलेली आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागते, एरवी तिच्यामागे चिमण्या काड्या जमवतात. मी तिच्याकडे बोट दाखवले आणि म्हणालो, ‘‘ही शंभरात दहाच वेळा उपयोगी पडत असेल, तर ती हातात धरून दिवसभर वागवणारा माणूस वेडाच म्हणायचा.’’ पोरे हसली. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. इतिहास शिकवण्यात माझी चौतीस वर्षे गेली. ढाल या शब्दावर मी कधी पाच मिनिटेही घालवली नव्हती.

आधी या दोन आकड्यांचा माग काढू. त्यात एक गंमत आहे, कारण तो फिरून आपल्याच दारात येतो. चतुरंग आपल्याकडून इराणमार्गे युरोपात गेले आणि त्याचे बुद्धिबळ झाले. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या विद्वानाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर नद्या, टेकड्या, तोफा आणल्या. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या तोफखान्यातला अधिकारी राइसविट्झ याने नकाशावर खेळायच्या युद्धखेळाचे नियम छापले. त्यात पट गेला आणि फासे आले, कारण लढाईत दैवही असते. किती अंतरावरून किती गोळ्या किती माणसे पाडतात याची कोष्टके त्याने दिली, आणि प्रशियाचे सैनिकी अधिकारी तो खेळ अभ्यास म्हणून खेळू लागले. एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे पुस्तक लिहिले. शेवटी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स याने एका सोबत्याबरोबर १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे ‘चेनमेल’ नावाचे नियम केले. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नेसनने या सैन्याच्या खेळातून एकेक माणूस बाहेर काढला, प्रत्येक खेळाडूला एकच वीर दिला. दोघांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. आमच्या ओसरीवर बसलेली पोरे खेळत होती तो हाच, चाळीस वर्षांनी सुधारलेल्या नियमांचा.

१९७४च्या त्या नियमांत ढालीची किंमत आणखी कमी होती. वीसात एकच आकडा, म्हणजे शंभरात पाच. दुकानात तलवार दहा सोन्याच्या नाण्यांना आणि ढालही दहालाच. गायगॅक्सने आधी बरीच वर्षे विमा कंपनीत जोखमीचा हिशेब ठेवण्याचे काम केले होते, हे वाचल्यावर मला जरा उलगडा झाल्यासारखे वाटले. हा माझा तर्कच, पण ढालीकडे विम्यासारखे पाहिले आहे खरे. हजार ढालाइतांची पलटण आणि हजार बिनढालींची पलटण समोरासमोर आणली तर शेकडा किती जास्त वाचतील, असा तो हिशेब. सैन्याला तो चालतो. राइसविट्झची कोष्टकेही सैन्याचीच होती. पण तोच आकडा एका माणसाच्या हातात दिला की त्याची चव जाते. माणूस शेकड्याने मरत नाही, एका वाराने मरतो.

हे त्यांच्यातल्याही काहींना जाणवले होते. पुढच्या नियमांत गायगॅक्सनेच म्हटले की लहान ढाल एका फेरीत एकाच हल्ल्यापुरती, मोठी तिघांपुरती, आणि पाठीमागून आलेल्याला ती नाहीच. १९७८ साली कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या सोबत्यांनी ‘रूनक्वेस्ट’ नावाचा दुसरा खेळ काढला. हा पेरिन टेबलावरचा नुसता फासेबहाद्दर नव्हता. १९६६ पासून बर्कलीच्या आसपास काही हौशी मंडळी वेताच्या तलवारी आणि खऱ्या ढाली घेऊन अंगणात एकमेकांना बडवीत, त्यांच्या पहिल्या फळीतला हा माणूस. त्याच्या खेळात ढाल हा अंगाला चिकटलेला आकडा नाही. वार आला की ढालीवर घ्यायचा प्रयत्न करायचा, त्यासाठी वेगळा फासा टाकायचा, आणि ढालीलाही स्वतःची सोसण्याची मर्यादा. ज्याने मार खाल्ला होता त्याने नियम बदलला.

मीही थोडा मार खाल्लेला आहे, म्हणून हे पटकन कळले. माझ्या लहानपणी, साठच्या दशकात, गावच्या तालमीत एक वस्ताद फरी-गदका शिकवीत. आता हा शब्दही सांगावा लागतो. गदका म्हणजे कातडे चढवलेली काठी, तलवारीच्या जागी. फरी म्हणजे हातात धरायची लहानशी गोल कातडी ढाल. पवित्रा घेऊन दोघांनी समोरासमोर यायचे आणि एकमेकांच्या अंगाला गदका लावायचा. डोक्यावरचा वार तो शिर, कानशिलाचा तो तमाचा, त्याच्या उलट अंगाचा तो बाहेरा. बडोद्याच्या करंदीकर-मुजुमदारांनी १९३६ पासून दहा खंडांत जो व्यायाम ज्ञानकोश काढला, त्यात हे सारे हात सापडतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेली होती. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांचे आखाडे अजून टिकून आहेत. आमच्या तालमीत आता पिठाची गिरणी आहे.

वस्तादांनी पहिला महिना गदका हातात दिलाच नाही. नुसती फरी. ते मारीत, आम्ही अडवीत असू. त्या महिन्यात मला कळलेली पहिली गोष्ट अशी की ढाल अंगाजवळ धरली तर ती फार थोडे झाकते, आणि हात लांब करून शत्रूच्या मुठीकडे नेली तर तीच वीतभर ढाल जवळजवळ सगळे अंग झाकते. डोळ्यांजवळ धरलेला रुपया अख्खा सूर्य झाकतो, तसे. दुसरी गोष्ट, ढाल आपल्यालाही आंधळे करते. वर उचलली की खालचे दिसत नाही, आणि वस्तादांची हूल नेमकी तिथेच असे. तिसरी गोष्ट म्हणजे खांदा. दहा मिनिटांनी खांदा भरून येतो, हात आपोआप खाली येतो, आणि मग गदका बसतो. माझ्या डाव्या हाताची करंगळी आजही वाकडी आहे ती त्याच महिन्यातली.

नातवाला हे तोंडी पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात प्रयोग केला. त्याच्या डाव्या हातात मोठ्या डब्याचे झाकण दिले, माझ्या हातात गुंडाळलेले वर्तमानपत्र. माझे गुडघे आता काही कामाचे नाहीत, म्हणून मी एका जागी उभा राहून मारणार आणि तो अडवणार. पहिली पाच मिनिटे मला एकही वार बसवता आला नाही. पोरगा चपळ आहे. त्याचे मित्र मोजत होते : ‘‘शंभरातले शंभर!’’ आठव्या मिनिटाला झाकण खाली येऊ लागले. दहाव्या मिनिटाला मी त्याला कानशिलावर तीन लागोपाठ दिले. घरातून आवाज आला की दिवाळीच्या दिवशी पोराला काय मारताय. प्रयोग तिथेच संपला.

आता भिंतीवरची ढाल. आमचे आजोबा सांगत की ती खर्ड्याच्या लढाईतली. मिरजगावहून जामखेड ओलांडून गेले की खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी तिथे सवाई माधवराव पेशव्यांच्या वतीने परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे, होळकर, भोसले अशी सारी मराठी फौज निजामअलीविरुद्ध उभी राहिली. सगळे एकत्र आल्याचा तो शेवटचा प्रसंग, म्हणून आमच्या भागात खर्ड्याचा अभिमान मोठा. इतका, की कर्जत-जामखेडच्या घराघरांत जी जुनी ढाल असेल ती खर्ड्याचीच. आमच्या ढालीला कसलाही कागद नाही. आजोबांच्या शब्दाला मी आयुष्यभर मान दिला, पण पुरावा म्हणून तो चालणार नाही.

शिवाय खर्ड्याला ढाल-तलवारीने फार काही ठरलेही नाही. दोन्हीकडे फ्रेंच सेनानींनी कवायत शिकवलेल्या पलटणी होत्या, तोफा होत्या, बाण होते. निकाल लागला तो तोफा-बाणांनी, आणि रात्री निजाम घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला तेव्हा. तरीही त्या लढाईतली एक चकमक आपल्या विषयाची आहे. परशुरामभाऊ टेहळणीला पुढे गेले असताना लालखान नावाच्या बलुची पठाणाने त्यांना गाठले आणि हातघाईत तलवारीने जखमी केले. भाऊंच्या मुलाने तिथेच त्याला मारले. तोफांच्या युगातही सेनापतीच्या अंगापर्यंत तलवार येऊ शकत होती, म्हणून खांद्यावरची ढाल कोणी टाकून दिली नाही.

ढाल खाली काढून मी पोरांना दाखवली. दीड हातापेक्षा थोडी कमी रुंद, गोल, जाड कातड्याची, रोगणाने काळी पडलेली. गेंड्याची म्हणतात, पण मला म्हशीची वाटते. पुढच्या अंगाला चार पितळी फुल्या. लोकांना त्या शोभेच्या वाटतात. त्या शोभेच्या नाहीत. प्रत्येक फुलीतून कातडे भेदून खिळा मागे येतो आणि मागे त्याला कडी असते. दोन कड्यांत एक पट्टा, दोन कड्यांत दुसरा. दोन्ही पट्टे एकत्र मुठीत धरायचे, आणि मुठीची हाडे दुखू नयेत म्हणून मध्ये कापडी गादी. युरोपातली ढाल बऱ्याचदा हाताच्या कोपराशी बांधलेली असते. आपली मुठीत. म्हणजे ती हातभर पुढे नेता येते, वळवता येते, तिने समोरच्याला धक्काही देता येतो. ती भिंत नव्हे, दुसरा हातच. आणि म्हणून सगळा भार त्या चार खिळ्यांवर. आमच्या ढालीचा एक खिळा गेलेला आहे, तिथली फुली नाही, कडी नाही. कोणीतरी कधीतरी सुतळी बांधून ठेवली आहे.

आपल्याकडे वार तलवारीवर घेण्यापेक्षा ढालीवर घेण्याची रीत होती, यालाही कारण आहे. इंग्रज घोडदळातला कॅप्टन नोलन याने १८५३ साली घोडदळावर पुस्तक लिहिले. (हा तोच, जो पुढच्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या मैदानावर तो प्रसिद्ध घोळाचा हुकूम घेऊन गेला आणि पहिल्या झटक्यात मेला.) निजामाच्या घोडेस्वारांनी केलेल्या भयंकर जखमांचे त्याला आश्चर्य वाटले होते. चौकशी केली तर त्यांची पाती इंग्रजांनीच टाकून दिलेली जुनी निघाली. फक्त त्यांनी ती वस्तऱ्यासारखी परजली होती आणि लाकडी म्यानात ठेवली होती. कामाशिवाय ती बाहेर काढीत नसत. आता असे पाते लोखंडावर आपटायचे म्हणजे धारेची वाट लावायची. म्हणून तलवार मारायला, आणि सोसायला ढाल. त्यामुळे ढाल गेली की माणसाचे अर्धे नव्हे, जवळजवळ सगळेच गेले.

इथे मला तानाजी आठवला, आणि जरा लाजही वाटली.

सिंहगडाची लढाई मी चौतीस वर्षे शिकवली. ४ फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची रात्र. घोरपड, दोर, कोंढाण्याचा कडा, सूर्याजी, सगळे. पोरे डोळे विस्फारून ऐकत. घोरपड पोवाड्यातली, हे मी वरच्या वर्गात सांगत असे आणि स्वतःला चिकित्सक समजत असे. पण या लढाईचे जुने मराठी वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाचे. १६९७च्या सुमारास, जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने बखर लिहिली. त्यात तानाजी आणि उदेभान यांच्या झुंजीला त्याने मोजकी वाक्ये दिली आहेत. आणि त्या मोजक्या वाक्यांत तो काय सांगतो? पवित्रे नाहीत, वल्गना नाहीत. तो सांगतो की तानाजीच्या डाव्या हातातली ढाल तुटली, दुसरी ढाल वेळेवर आली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार घेतले. मग दोघेही पडले. त्या हाताला मुंडासे किंवा शेला गुंडाळल्याचे नंतरच्या कथनांत आणि चित्रांत येते.

हाताची ढाल केली, हे मी दरवर्षी आवेशाने सांगत असे. दुसरी ढाल आली नाही, हे मात्र मी गाळत आलो. गाळायचे असे ठरवले नव्हते. ते वाक्य शौर्याचे वाटले नाही, कोठारातले वाटले. शिधा पोचला नाही, दारू ओली झाली, तसले. म्हणून जीभ त्यावरून घसरून जाई.

आता पाहा. सभासद ‘तुटली’ म्हणतो. मडके फुटते, काठी मोडते, पट्टा तुटतो. शब्दाचा कीस फार काढू नये हे मला कळते. घटनेनंतर सत्तावीस वर्षांनी आणि कित्येक कोस लांब बसून हा माणूस लिहीत होता. पण आमच्या ढालीची ती रिकामी कडी बोटाने चाचपताना मला वाटले, की कातड्याची ढाल लाकडासारखी दुभंगत नाही. तिचा खिळा उपटतो, कडी निघते, आणि ढाल मुठीत लोंबकळू लागते. हा माझा अंदाज. त्याहून पक्के आहे ते पुढचे. दुसरी ढाल ‘वेळेवर’ आली नाही, असे म्हणणाऱ्या माणसाला दुसरी ढाल येणे हे नेहमीचे वाटत होते. ढाल लढता लढता संपते, ती संपली की मागचा दुसरी पुढे करतो, हे सभासदाच्या वाचणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. रात्री दोरावरून कडा चढून आलेल्या तीनशे माणसांत जादा ढाली किती असणार? आणि अंधारात, गर्दीत, कोणी कोणाला द्यायची?

आइसलँडच्या जुन्या कथांत कोर्माक नावाच्या कवीची एक गाथा आहे. तेराव्या शतकात लिहिलेली. तिच्यात द्वंद्वयुद्धाचे कायदे दिले आहेत : जमिनीवर कापड अंथरायचे, त्यावर दोघांनी उभे राहायचे, आणि प्रत्येकाला तीन ढाली. तिन्ही संपल्या की मग हत्यारानेच स्वतःला वाचवायचे. तिकडची ढाल लाकडाच्या फळ्यांची, ती खरोखरच फुटे. पण हिशेब तोच. ढाल म्हणजे शंभरातले दहा नव्हेत. ढाल म्हणजे इतके वार. ते सरले की सरले.

हे सगळे मी पोरांना रात्री जेवणानंतर सांगितले. मला वाटले, कंटाळतील. नातवाचा मित्र, तो सूत्रधार, म्हणाला, ‘‘आबा, असा नियम आहे.’’ छापील पुस्तकात नाही, पण काही जुन्या खेळाडूंनी आपापल्या बैठकीत केला आणि २००८ नंतर तो बराच पसरला. वार बसला की खेळाडूने म्हणायचे, हा मी ढालीवर घेतला. वार पूर्ण वाया जातो. ढाल मात्र तुकडे होऊन संपते. म्हणजे ढाल आकडा राहत नाही. एक जीवदान होते, एकदाच खर्चायचे. हे ज्या कोणी शोधले त्याने सभासद वाचला असण्याची शक्यता शून्य. कोर्माक वाचला असेल कदाचित.

मी म्हटले, मग तसे खेळा. आणि त्यात आपली भर घाला : दुसरी ढाल मागता येईल, पण ती जवळच्या माणसाने हातात आणून दिली पाहिजे.

त्यांनी लगेच फासे काढले. गुहा सोडली, कडा घेतला. शेंगदाणे संपले होते म्हणून करंज्यांचे तुकडे पहारेकरी झाले. मी बाजूला आरामखुर्चीत. एरवी हे पोरगे ढाल विसरूनच जाई, वाढवलेले दोन आकडे कागदावर पडलेले असत. आता ते प्रत्येक वाराला थांबून विचार करू लागले. हा अंगावर घ्यावा का ढालीवर? हा लहान आहे, सोसतो. हा मोठा आहे, पण यानंतर आणखी मोठा आला तर? एकदा तर तो इतका वेळ गप्प बसला की मित्र वैतागला. तालमीत वस्तादांचा गदका वर गेला की माझ्या पोटात जे होई, ते त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले. टेबलावरच्या खेळात ते दिसेल असे मला वाटले नव्हते.

मग एक मोठा वार आला आणि त्याने ढाल खर्चली. सूत्रधाराने कागदावरच्या ढालीवर रेघ मारली.

‘‘दुसरी दे,’’ नातू तिसऱ्याला म्हणाला.

तिसरा चार चौकटी लांब होता. मध्ये करंजीचे दोन तुकडे. त्याने फासा टाकला, तीन पडले. परत पाळी आली तेव्हा पाच. एवढ्या वेळात नातवाच्या तलवारबहाद्दरावर दोन वार बसले होते, आणि दुसरा बसला तेव्हा त्याने विचारले, ‘‘हातावर घेता येईल?’’

असा नियम नव्हता. तिघांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, घेता येईल, पण तो हात गेला. त्याने घेतला. पुढच्या फेरीत त्याने समोरच्याला पाडले आणि तोही पडला. तिसरा मित्र ढाल घेऊन त्याच्या चौकटीत पोचला ती त्यानंतरची पाळी होती.

तो कागद त्यांनी जाताना इथेच ठेवला. मी तो ढालीमागे, चिमण्यांनी काड्या आणून ठेवल्या आहेत तिथे खोचला आहे.